पश्चिमेची भिंत

माझा भाचा ओंकार गेल्या महिन्यात नांदेडला माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या पिशवीत साडीचा एक खोका होता आणि लाकडाचे काही तुकडे होते. खोका त्यानं टीपॉयवर ठेवला आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तुकडे मात्र माझ्यापुढे पत्त्यांसारखे मांडले. लातूरला आमच्या जुन्या घराच्या जागी तो बंगला बांधायचं म्हणतोय आणि रस्त्याकडच्या भिंतीला त्याला लाकडाच्या फळ्या लावायच्या आहेत. त्याला आता क्लॅडिंग म्हणतात. "पण आत्या, दुकानवाला म्हणतोय आपल्याकडं खरं लाकूड टिकतच नाही. उन्हाळ्यात तडकतं, पावसाळ्यात फुगतं. लाकडासारखं दिसणारं घ्या म्हणतोय." मी एक तुकडा उचलून नाकाशी धरला. त्याला कसलाच वास नव्हता. ओंकार चांगला मुलगा आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण ज्या जागेवर तो हे चिकटवणार आहे तिथंच, त्याच्या जन्माआधी, खऱ्या सागवानाची भिंत होती. ती उन्हानं गेली नाही आणि पावसानंही गेली नाही. हे त्याच्या बापाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, दिगंबरला, चांगलं ठाऊक आहे. तो पोराला सांगणार नाही, म्हणून मी लिहायला बसले.

आमचे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, शिरूर अनंतपाळकडचं गाव सोडून लातूरला आले आणि खत-बियाण्यांचं दुकान टाकलं. दुकान बरं चाललं आणि नानांनी घर बांधलं. घर कसलं, स्लॅबचा खोकाच. रस्ता पश्चिमेला म्हणून घराचं तोंड पश्चिमेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला घर दिसलं पाहिजे, एवढाच विचार. होळी झाली की दुपारनंतर ती भिंत अशी तापायची की तिला पाठ टेकवून बसायची सोय नव्हती. रात्रीची भांडी घासून झाली तरी ती निवायची नाही. त्या भिंतीलगतची खोली माझी आणि आईची. नाना आणि दिगंबर गच्चीवर झोपायचे, आम्ही बायका आत. पाणी शिंपडलेली गोधडी अंथरायची, ती घटकाभरात वाळायची. आई पहाटे भाकरी थापायला उठायची ती चुलीजवळ बसून म्हणायची, "हितं बरं वाटतंय बाई, आतल्यापरीस." नानांना सांगितलं तर ते म्हणायचे की उन्हाळा सगळ्यांनाच असतो.

मी नववीत असेन. आईचे वडील वारले आणि लोह्याजवळच्या तिच्या माहेरी वाटणीची बोलणी निघाली. आमच्याकडं बहिणीची वाटणी म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. बहिणीला बोलावणं येतं. ती येते, सही करते, जमिनीवरचा आणि घरावरचा हक्क सोडते. मग तिला पाटावर बसवून साडी-चोळी करतात, पुरणपोळीचं जेवण होतं, गळ्यात गळे घालून रडणं होतं आणि ती आपल्या घरी परत जाते. साडीची घडी मोडायच्या आधी सगळे विसरून गेलेले असतात. आईनंही सही केली. मी शेजारीच बसले होते. पण मामींनी साडी पुढं केली तेव्हा आईनं ती हातानं मागं सारली. तिथलं जुनं घर पाडायला घेतलं होतं. छतावरचं मातीचं माळवद उतरवून झालं होतं आणि त्याखालच्या तक्तपोशीच्या सागवानी फळ्या अंगणात रचलेल्या होत्या. किनवटकडच्या जंगलातलं लाकूड, आईच्या आजोबांनी बैलगाडीतून आणलेलं. आई भावाला म्हणाली, "माणिक, साडी नको मला. त्या फळ्या दे."

सगळे हसले. एक चुलतमामा म्हणाला, "ताईला नवऱ्यानं कपाट केलं न्हाई वाटतं." माणिकमामा तेवढा हसला नाही. तो फळ्यांकडं बघत म्हणाला, "ने ताई. सगळ्याच ने." ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून फळ्या लातूरला आल्या, वरती आई आणि मी बसलो होतो. रस्ताभर आई फळीवरून हात फिरवत होती. नाना दारातच उभे होते. म्हणाले, "लोकांच्या बायका माहेराहून पितळंची भांडी आणतेत, आमच्या बाईनं सरपण आणलं." हा शब्द त्यांनी त्या दिवशी सहज वापरला. मी तो विसरलेली नाही.

फळ्या कुठं लावायच्या हे आईचं आधीच ठरलेलं होतं. हनमंत सुतार आला. तो बोलका होता आणि कामाला घाईचा. ऐन वैशाखात त्यानं भिंतीवर आधी आडव्या पट्ट्या ठोकल्या, त्यांवर उभ्या फळ्या, एकीला एक घट्ट भिडवून, मधे सुईसुद्धा जाऊ नये अशा. आम्ही सगळे खूश. असं आमच्याच लोकांना सुचायचं, दिसायला एकसंध पाहिजे. मृग लागला, दोन दिवस झड बसली आणि तिसऱ्या दिवशी जेवताना बाहेर ठाण्णकन आवाज झाला. मग आणखी एक. वैशाखात वाळून आखडलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगल्या होत्या आणि जागा नाही म्हणून एकमेकींना रेटून खिळ्यांसकट उचकटत होत्या. नाना तोंडात घास घेऊन इतके हसले की त्यांना ठसका लागला. हनमंत सुतारानं लाकडाला नावं ठेवली, नानांनी सुताराला ठेवली. आई पावसात उभी राहून भिंत बघत राहिली. पाऊस उघडल्यावर तिनं सगळ्या फळ्या उतरवून घेतल्या आणि पुन्हा लावून घेतल्या. दोन फळ्यांमधे बोटभर जागा, त्या फटीवर मागून एक अरुंद फळी, खिळा एकाच कडेला म्हणजे दुसरी कड हलायला मोकळी. खालून हातभर जागा सोडायची, म्हणजे पावसाचे शिंतोडे लागत नाहीत. हनमंत कुरकुरला, पण त्यानं केलं. पुढं तोच गावात सांगत फिरायचा की ही त्याची पद्धत आहे.

पुढच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा आम्ही त्या खोलीत झोपू शकलो. ऊन फळ्यांवर पडायचं, फळ्यांमागच्या पोकळीतून वारा वर निघून जायचा आणि आतली भिंत कोमट राहायची. दहावीचा अभ्यास मी तिथंच केला. दुपारी फळ्या बारीक कडकडायच्या, संध्याकाळी ऊन उतरलं की पुन्हा कडकडायच्या, घरात कुणी बोटं मोडत बसल्यासारख्या. पहिल्यांदा मी दचकायचे. मग तो आवाज थांबला तरच लक्ष जायचं. आजही माझ्या फ्लॅटमधे दुपारच्या वेळी सगळं गप्प झालं की मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

होळीनंतर नवा जवस घाण्यावर जायचा. आई कच्चं तेल आणायची, पातेल्यात कोमट करायची, नानांच्या जुन्या धोतराचे बोळे करायची आणि आम्ही दोघी भिंतीला तेल पाजायला लागायचो. ती शिडीवर, मी खाली. लाकूड तेल असं प्यायचं की हात फिरवेपर्यंत कोरडं व्हायचं. आधी वर्षभराची धूळ ओल्या फडक्यानं काढायची, एक दिवस वाळू द्यायचं, मग तेल. "पुढून-मागून दोन्हीकडनं पाज. नुसतं तोंडाला लावून काय उपयोग," ती म्हणायची, आणि फटींतून बोळा मागं सरकवायची. नाना दुकानातून आले की म्हणायचे, "नवऱ्याच्या डोक्याला तेल न्हाई अन् भिंतीला आंघोळ चाललीय." आई म्हणायची, "तुमचं डोकं आतून तापतंय, त्याला तेल लावून काय व्हतंय?" तेवढ्यापुरते नानाही हसायचे. त्या दिवशी संध्याकाळी ज्वारीच्या भाकरीबरोबर जवसाची चटणी असायचीच आणि आमच्या हातांना, केसांना, भाकरीलाही तोच वास यायचा. एका साली गारांनी शेजाऱ्यांचे पत्रे चाळणीसारखे केले, आमच्या फळ्यांवर नुसते वण उठले. वर्षावर वर्षं गेली आणि रंग मधासारखा होता तो गुळासारखा झाला, एवढाच काय तो फरक. लोक थांबून बघायला लागले. मग नाना त्यांना हात करून सांगायचे, "मी लावून घेतलंय. अस्सल किनवटचं." आई आत भाकरी थापत असायची, तिला ऐकू यायचं. मला वाटायचं तिनं बाहेर येऊन सांगावं. ती कधी आली नाही आणि तिच्या त्या गप्प बसण्याचाही मला राग येतो, आजसुद्धा येतो.

दिगंबरचं लग्न नांदेडच्या एका ठेकेदाराच्या मुलीशी ठरलं. ठेकेदाराच्या घरात सगळं चकचकीत होतं, फरशी चकचकीत, दारं चकचकीत. नाना तिथून परत आले ते अस्वस्थ होऊन. साखरपुडा आमच्याकडं होता, चैत्राच्या शेवटी. आईनं नेहमीप्रमाणं तेल पाजलं आणि माणिकमामाच्या मुलीच्या बाळंतपणाला ती लोह्याला गेली. ती नसताना नानांनी आणि दिगंबरनं रंगारी आणला आणि सबंध भिंतीला जाड व्हार्निश मारून घेतलं. मी नको म्हटलं. दिगंबर म्हणाला, "सुमे, तू गप बस. तुला कळत न्हाई. नांदेडची माणसं येणार हायेत, जुनाट घर बघून काय म्हणतील?" मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला बरंच कळत होतं. पण त्या घरात मी पाहुणीच होते, फक्त अजून निघायची होते. भिंत आरशासारखी झाली. नाना तिच्यात बघून टोपी सरळ करायचे.

आई परत आली, रिक्षातून उतरली आणि पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली. मग तिनं फळीला हात लावला आणि तो पदराला पुसला. "आवो, आत्ताच तेल पाजलंय तिला. अजून मुरलं न्हाई. त्याच्यावर ह्ये कसं धरंल?" नाना म्हणाले, "न धरायला काय झालं? म्हाग मोलाचं हाय." साखरपुडा झाला, व्याह्यांनी भिंतीचं कौतुक केलं आणि वैशाख लागला. पश्चिमेचं ऊन त्या चकाकीवर पडायला लागलं तसे व्हार्निशला फोड आले. भाजलेल्या हाताला येतात तसे. मग फोड फुटले, पापुद्रे सुटले. पावसाळ्यात त्या चिरांतून पाणी आत गेलं आणि वरच्या कातड्यामुळं बाहेर येईना. इतकी वर्षं भिजून वाळणारं लाकूड आता भिजून तसंच राहायला लागलं. दसऱ्यापर्यंत फळ्यांवर काळे डाग पडले आणि खालच्या टोकांना बुरशी आली. नाना म्हणाले, "बघा, म्हनलं नव्हतं? मराठवाड्यात लाकूड टिकत न्हाई." हे वाक्य मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं. दुकानवाल्यानं ओंकारला सांगितलं ते तेच आहे.

आईनं फुटक्या काचेचे तुकडे गोळा केले, त्यांना एका बाजूनं चिंधी गुंडाळली आणि ती व्हार्निश खरवडायला लागली. दिवाळीची कामं उरकून, दुपारी, रोज. मी कॉलेजातून आले की दुसरा तुकडा घ्यायचे. बोटं कापायची, हळद लावायची, पुन्हा सुरू. खालून निबर लाकूड निघत होतं, काळवंडलेलं पण शाबूत. आई नखानं दाबून बघायची आणि म्हणायची, "हाय, जीव हाय." अर्ध्याहून जास्त भिंत झाली. होळीपर्यंत सगळी होईल, मग तेल पाजू, असं ठरलं होतं. त्या फळ्यांखेरीज तिनं कधी काही मागितलं नव्हतं. तो एक उन्हाळा तिला हवा होता.

पण लग्न होतं मार्गशीर्षात, आणि तेही आमच्या दारात, कारण व्याह्यांनी मानपान वाढवून घेऊन मुलीला आमच्याकडं आणून लग्न लावायचं कबूल केलं होतं. अर्धी खरवडलेली आणि अर्धी पापुद्रे लोंबणारी भिंत घेऊन मांडव घालायची नानांना लाज वाटली. लग्नाच्या आधी दोन दिवस आम्हा बायकांना हळदीच्या आणि देवकार्याच्या कामात जुंपलं होतं. बाहेर ठोकाठोकी चालली होती, ती मांडवाची असेल असं आम्हाला वाटलं. नानांनी पहारीनं सगळ्या फळ्या उपटून काढल्या. भिंतीला घाईघाईनं चुना मारला आणि त्यावर दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधले. फळ्या मागच्या अंगणात पडल्या. तिथं आचाऱ्याच्या चुली पेटल्या होत्या आणि वखारीतून आलेलं सरपण ओलं निघालं होतं. आचारी ओरडायला लागला. दिगंबर, नवरदेव, अंगाला हळद लागलेली, दारात उभा राहून म्हणाला, "त्या फळ्या घ्या की. वाळल्यात चांगल्या."

आईला वासावरून कळलं. ती माझ्याशेजारी बसून उडदाची डाळ निवडत होती. एकाएकी तिनं मान वर केली. जवसाचं तेल आणि साग जळाल्याचा तो वास, आणि त्यात व्हार्निशचा कडवट धूर. ती उठली आणि मागच्या दारात गेली. मी तिच्या मागे. चुलींमधून पिवळ्याधमक ज्वाळा निघत होत्या, वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं लाकूड ते, भरभरून जळत होतं. आचारी खूश होता. म्हणाला, "काकू, असलं सरपण जलमात बघितलं न्हाई." एक आखूड फळी नुकतीच लागली होती. आईनं ती हातानं ओढून बाहेर काढली, मातीत विझवली आणि पदराखाली घेऊन आत गेली. ती रडली नाही. त्या क्षणी तिनं तिथं बोंब ठोकावी, पाहुण्यांसमोर नानांच्या अंगावर धावून जावं, असं मला वाटत होतं. मीच ओरडले, "नाना, ती आईची वाटणी होती!" नानांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. एका आत्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "शुभकार्य हाय बाई, असं बोलू न्हाई."

लग्नाच्या दिवशी माणिकमामा लोह्याहून आहेर घेऊन आला. मांडवात शिरताना त्यानं सवयीनं डावीकडं पाहिलं आणि तो थांबला. चुन्याची पांढरी भिंत होती, तिच्यावर खिळ्यांची भोकं लिंपलेली दिसत होती. आई वाढपाच्या गडबडीत होती, हातात वांग्याच्या भाजीची बादली. मामानं विचारलं, "ताई, भिंत कुठाय?" आई म्हणाली, "आधी जेवून घे." तो पंगतीत बसला. तिनं आपल्या हातानं त्याला पुरी वाढली, वांग्याची भाजी वाढली, बुंदी वाढली. त्याच्या आजोबांनी बैलगाडीतून आणलेल्या लाकडावर ते शिजलं होतं आणि तो ते जेवला. सगळं गाव जेवलं. अन्न फार चवदार झालं होतं, लोक बरेच दिवस त्याची आठवण काढत होते. मी त्या दिवशी जेवले नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर आई त्या खोलीत पुन्हा उकाड्यात झोपायला लागली आणि माझं लग्न होऊन मी नांदेडला आले. ती अर्धवट जळलेली फळी तिनं माझ्या रुखवताच्या सामानात घालून दिली. आता ती माझ्या बाल्कनीत आहे, पश्चिमेच्याच, भिंतीवर उघड्यावर लावलेली. आई गेली, नाना गेले. होळी झाली की मी फळीला तेल पाजते. इथलं ऊन लातूरपेक्षा काकणभर जास्तच आहे आणि पावसाचे सपकारे थेट येतात. एका टोकाला ती कोळसा झालेली आहे, बाकीची निबर आहे.

ओंकार फोनवर बोलत बाल्कनीत गेला आणि फोन बंद करून तिच्यासमोर उभा राहिला. बोटानं वाजवून बघितली. "आत्या, हे कोणतं फिनिश आहे? किती वर्षांची गॅरंटी?" मी म्हटलं, "तुझ्या बापाला विचार." त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तो आत आला, टीपॉयवरचा खोका माझ्याकडं सरकवला आणि खाली बघत म्हणाला, "आईनं तुमच्यासाठी साडी दिलीय. आणि बाबा म्हणत होते, बांधकामाच्या आधी जागा एकाच नावावर झाली तर बरं होईल. तुमची एक सही लागेल. तुम्हाला कुठं यायची गरज नाही, मी गाडी घेऊन येईन."

मी खोका उघडला. चांगली साडी होती, मोरपंखी. मी तो बंद केला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "तुझ्या आजीनं सही केली तेव्हा तिनं साडी घेतली नव्हती, लाकूड घेतलं होतं. त्याचं तुझ्या बापानं काय केलं ते मी बघितलंय. म्हणून मी लाकूडसुद्धा घेणार नाही. मला पश्चिमेची भिंत पाहिजे, तिच्याखालच्या जमिनीसकट, आणि आतल्या खोलीसकट." तो हसायला लागला, मग माझ्याकडं बघून थांबला. "आत्या, बाबांना काय सांगू?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. मी उठले, ताट घेतलं. त्या दिवशी वांग्याचीच भाजी केलेली होती.

"सांगशील," मी म्हटलं, "आधी जेवून घे."